डेल्फिनाचं काया-वय

डेल्फिना रेयेस माझ्याकडे आली ती सहा आठवड्यांसाठी. माझा खुबा मोडला होता, नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगा टोरांटोला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या घरात मी एकटी. सहा आठवड्यांनी काठी घेऊन चालायला लागले, तरी तिला जा म्हणवेना, आणि तीही गेली नाही. पुढे चार वर्षं ती माझ्याकडे होती.

माझं नाव कुंदा खानझोडे. मूळची चंद्रपूरची. रक्ताच्या थेंबावरून माणसाच्या शरीराचं खरं वय सांगणारी चाचणी ज्या अकरा जणांनी बसवली, त्यांतली मी एक. आता ती चाचणी औषधाच्या दुकानातही होते. हे आधीच सांगून टाकते, कारण डेल्फिनाची हकिगत त्यावाचून सांगता येणार नाही.

आली तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. बुटकी, रुंद खांद्यांची, मनगटं माझ्या दुप्पट. सतराव्या वर्षी मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरातून ती कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात उतरली आणि अठ्ठावीस वर्षं शेतांवर राबली. खरबूज, टोमॅटो, लसूण, द्राक्षं. पंचेचाळिसाव्या वर्षी एकाच उन्हाळ्यात दोनदा ती सरीतच कोसळली, तेव्हा शेतं सोडून तिने म्हाताऱ्यांच्या देखभालीचं शिक्षण घेतलं. तिचं इंग्रजी मोडकं, माझं स्पॅनिश मोडकं. दोघींच्या मोडक्या भाषा एकमेकींना टेकून उभ्या राहायच्या. मी उन्हात बाहेर पडताना चंद्रपूरच्या सवयीने पर्समध्ये कांदा टाकायचे. माझा मुलगा त्यावर हसतो. डेल्फिना हसली नाही. "आम्ही टोपीत कोबीचं पान ठेवायचो, डॉक्टोरा," ती म्हणाली. "ओलं करून."

माझ्या दवाखान्यांच्या सगळ्या तारखा तिला पाठ होत्या. डोळ्यांचा डॉक्टर, हाडांचा डॉक्टर, रक्तदाबाच्या गोळ्या. स्वतःची एकही तारीख तिच्याकडे नव्हती, आणि हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली.

ते लक्षात आलं एप्रिलमध्ये. ती माझ्या पायाला मालिश करत खाली बसली होती आणि मला तिचे घोटे दिसले. मोज्यांचा काठ मांसात रुतला होता.

"हे किती दिवसांपासून?"

"उभं राहून होतं. संध्याकाळी उतरतं."

मी वाकून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"डॉक्टरकडे शेवटची कधी गेली होतीस?"

ती आठवायला लागली. "यारेलीच्या शाळेला लसीचा कागद हवा होता तेव्हा." यारेली तिची एकुलती एक मुलगी, आता सव्वीस वर्षांची, फळं पेट्यांत भरायच्या कारखान्यात काम करणारी. मी म्हटलं, "तो तिच्या लसीचा कागद होता. तुझं काय?" त्यावर ती पुन्हा मालिशला लागली. गावातला दवाखाना आठ ते पाच उघडा असतो, आणि आठ ते पाच ती माझ्याजवळ असते. हे तिने बोलून दाखवलं नाही.

तिच्या किडन्या चौदा टक्केच काम करत होत्या. मधुमेह नाही, घराण्यात आजार नाही. शेतावरच्या लोकांना होतो तो हा आजार. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात वाकून काम, पाणी लांब, लघवीला जायला जागा नाही म्हणून पाणी कमीच प्यायचं. रोज किडनीला एक बारीकशी इजा होते, रात्री ती अर्धीमुर्धी भरून येते, दुसऱ्या दिवशी पुन्हा. अठ्ठावीस वर्षं.

तरीही मी घाबरले नाही. २०४३ साल होतं आणि नवांकुर उपचार येऊन सहा वर्षं झाली होती. रोग्याच्या त्वचेतल्या काही पेशी घेतात, त्यांना उलटं चालवत कोवळ्या अवस्थेला नेतात, मग किडनीच्या पेशी व्हायला शिकवतात. पाच महिने त्या एका स्वतंत्र टाकीत वाढतात आणि मग रोग्याच्याच किडनीत सोडल्या जातात. रुजल्या की रक्त गाळायला लागतात. पण राज्यात टाक्या होत्या वर्षाला दोन हजार जणांपुरत्या, आणि वाट पाहणारे तीस हजार. म्हणून उपचार कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या राज्याच्या समितीने दोन अटी घातल्या होत्या. डायलिसिस सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत पेशी सोडल्या पाहिजेत, कारण त्यानंतर किडनीत वण इतके पडतात की रुजायला जागा उरत नाही. आणि रोग्याचं काया-वय पासष्टच्या आत हवं, कारण म्हाताऱ्या शरीरात पेशी रुजत नाहीत.

काया-वय म्हणजे आमची चाचणी. पेशींमधला जनुकांचा मजकूर जन्मभर तोच असतो, पण शरीर त्यावर बारीक रासायनिक खुणा करत राहतं. हा भाग वाच, हा मिटून ठेव, अशा. वाढत्या वयाबरोबर काही ठरावीक जागी खुणा साचतात, काही जागच्या पुसल्या जातात. आम्ही अशा तीनशे ऐंशी जागा शोधल्या, एकतीस हजार लोकांच्या रक्तावर त्या ताडून पाहिल्या, आणि शरीर किती झिजलंय हे सांगणारं गणित मांडलं. त्या वर्षी मी त्र्याहत्तर वर्षांची होते आणि माझं काया-वय होतं बासष्ट. समितीने चाचणी स्वीकारली तेव्हा मी सगळीकडे भाषणं देत फिरले होते. "रक्ताला आडनाव नसतं," हे माझं ठरलेलं वाक्य. टाळ्या पडायच्या.

नमुने घ्यायचा माझा परवाना अजून चालू होता. डेल्फिनाचं रक्त मीच काढलं, मीच पाठवलं. निकाल तिच्या फोनवर आला. ती भाजी चिरत होती. हात पुसून तिने वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

चौऱ्याहत्तर.

"डॉक्टोरा, म्हणजे मी तुमच्यापेक्षा मोठी," ती म्हणाली. मग परत सुरी हातात घेतली. "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"की नाहीच म्हणतील."

त्या रविवारी मी तिच्या घरी गेले. खरं तर काय करायला गेले होते ते मलाही माहीत नव्हतं. तिची आई, डोन्या कुका, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कुकाबाई, शहाऐंशी वर्षांची. स्वतःचा नवरा वारल्यावर, नातीला सांभाळायला म्हणून सत्तराव्या वर्षी गाव सोडून इथे आलेली. अंगणातल्या निवडुंगाच्या पानांचे काटे काढत बसली होती. चष्मा नाही, हात स्थिर. माझ्यातल्या जुन्या संशोधक बाईला राहवेना. मी विचारलं, "एक थेंब रक्त देता का?" तिने काट्यासकट बोट पुढे केलं.

डोन्या कुकाचं काया-वय आलं एकोणऐंशी.

मी तो आकडा दोनदा वाचला. आईचं शरीर वयापेक्षा सात वर्षांनी तरुण. मुलीचं सतरा वर्षांनी म्हातारं. एकच रक्त, एकच जेवण, आता एकच घर. फरक होता तो एवढाच, की आई खोऱ्याच्या उन्हात कधी राबली नव्हती.

तेव्हा मला ते शिबिर आठवलं. म्हणजे, जे झालंच नाही ते.

एकोणीस वर्षांपूर्वी चाचणीसाठी आम्ही रक्ताचे नमुने गोळा करत होतो. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते बारा, विद्यापीठाच्या आवारात. रक्त काढणारी एक अनुभवी परिचारिका होती. ऑगस्टमध्ये ती माझ्याकडे यादी घेऊन आली. म्हणाली, "यात शेतावरचं माणूस जवळपास नाहीच. एखाद्या रविवारी खोऱ्यातल्या गावांत जाऊ या का?" बाहेर चव्वेचाळीस अंश होते. मी म्हटलं, "पुढच्या टप्प्यात बघू." गणित छान जमलं, लेख छापून आला, आणि पुढचा टप्पा कधी आलाच नाही. मी चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वाढलेली मुलगी. उन्हाने माणसाचं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी हे डेल्फिनाला सांगितलं. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"कुठला ऑगस्ट?" तिने विचारलं. मी साल सांगितलं. "तेव्हा मी मेंडोटाच्या बाजूला होते. खरबूज." आणखी दोन घड्या झाल्या. मला वाटलं, आता ही मला काहीतरी बोलेल, बोलावंच. ती म्हणाली, "रविवारी आम्ही सगळे धुलाईच्या दुकानात असायचो. आठवड्याचे कपडे. अजूनही सगळे तिथेच असतात."

"मग?"

"मग या रविवारी चला."

आम्ही अकरा रविवार गेलो. धुलाईच्या दुकानांत, चर्चच्या बाहेर, जुन्या वस्तूंच्या बाजारात. पहिल्या दिवशी कुणी जवळ येईना. एका म्हाताऱ्याने माझ्याकडे न पाहता डेल्फिनाला विचारलं, "हे रक्त सरकारकडे जाणार का?" तिने त्याला समजावलं, की या चाचणीत माणसाची ओळख सांगणारा भाग वाचतच नाहीत, चाचणी मान्य झाली तीच त्या अटीवर. म्हाताऱ्याला ते पटलं नाही. मग तिने खुर्ची ओढली, बाही सरकवली आणि मला म्हणाली, "आधी माझं." प्रत्येक रविवारी, प्रत्येक ठिकाणी, ती आधी स्वतःचं रक्त द्यायची. जूनच्या शेवटी तिचं डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. रविवारी ती चेहरा धुऊन, लिपस्टिक लावून गाडीत बसलेली असायची. "आज बस," म्हटलं तर म्हणायची, "तुम्ही एकट्या गेलात तर तुम्हाला कोण रक्त देणार?"

चारशे बारा नमुने जमले. ऑक्टोबरात उत्तर हाती आलं. आमच्या तीनशे ऐंशीपैकी त्रेचाळीस जागांवरच्या खुणा वयाने वाढतात तशा वर्षानुवर्षं उन्हात भाजल्यानेही वाढतात. विद्यापीठाच्या आवारात आलेल्या लोकांत उन्हात भाजलेलं कुणी नव्हतं, म्हणून आम्हाला ते दिसलंच नव्हतं. शेतावरच्या माणसाला आमची चाचणी दहा-पंधरा वर्षांनी म्हातारं दाखवत होती. त्यांच्यातल्या साठ जणांच्या पेशी एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्या. चारचौघांच्या वाढतात तशाच वाढल्या. ही शरीरं थकली होती, मान्य. पण पेशी अजून तयार होत्या. त्रेचाळीस जागा वगळून मी डेल्फिनाचा हिशोब पुन्हा केला.

एकसष्ट.

मी सगळं समितीला पाठवलं. सुनावणीची तारीख मिळाली मार्चची. पण डेल्फिनाचं वर्ष जूनमध्ये संपत होतं, आणि पेशी वाढायला पाच महिने. जानेवारीच्या अखेरीपर्यंत तिचं नाव यादीत गेलं तरच उपयोग. मी एका रोग्यासाठी अपवाद करा म्हणून पत्र लिहिलं. उत्तर आलं, की अपवाद बंद व्हावेत म्हणूनच ही चाचणी स्वीकारली होती, आणि हे तुम्हीच तुमच्या भाषणात सांगितलं होतं.

एकच वाट उरली होती. रोग्याला एकदा फेरतपासणी मागता येते. नमुना परवानाधारकाने घ्यायचा. ओळख कुणी पडताळत नाही. माझं काया-वय बासष्ट होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, डायलिसिसहून येऊन ती सोफ्यावर पडली होती, तेव्हा मी तिला हे सांगितलं.

ती छताकडे बघत म्हणाली, "तुमचं रक्त, माझं नाव."

"हो. तुझ्या पेशी चांगल्या आहेत, मी स्वतः पाहिल्यात. उपचार तुला लागू पडेल. खोटं आहे ते फक्त त्या नळीतलं."

"आणि मार्चमध्ये त्यांना कळलं तर?"

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"तर ते म्हणतील, ही बाई नळ्या बदलते. मग चारशे बारा नळ्या कचऱ्यात." ती कोपरावर रेलून उठली. "डॉक्टोरा, त्या लोकांनी तुम्हाला रक्त दिलेलं नाही. मला दिलंय. डोन्या एर्लिंडाने दिलं, तिला तर सुईची भीती वाटते. मी त्यांना सांगितलं, याने काहीतरी होईल."

"तू मरशील, डेल्फिना."

"डायलिसिसवर लोक दहा-दहा वर्षं जगतात. तुम्हीच म्हणाला होतात."

मी म्हणाले होते. तिला धीर द्यायला म्हणाले होते.

दोन दिवसांनी दुपारी यारेली आली. कारखान्याच्या कपड्यांतच, केसांवरची जाळी तशीच. आईने तिला सांगितलं होतं. ती बसली नाही.

"तुम्ही तिला विचारलंत कशाला?"

"यारेली, तिचा जीव, तिचा निर्णय—"

"तिला विचारलं तर ती नाहीच म्हणणार! जन्मभर तिने दुसरं काय केलंय? आजीला आधी, मला आधी, तुम्हाला आधी. तुम्हाला एवढं कळायला हवं होतं. न विचारता करायचं होतं." तिने केसांवरची जाळी ओढून काढली. "अजून वेळ आहे. तिला सांगू नका. मी कधीच सांगणार नाही. प्लीज, डॉक्टोरा."

मी म्हटलं, बघते.

जानेवारीच्या तीस तारखेला मी स्वतःच्या दंडाला रबर बांधलं आणि नळी भरली. चिकटपट्टीवर डेल्फिना रेयेस लिहिलं, जन्मतारीख लिहिली. स्वतः गाडी चालवत नमुना केंद्रावर गेले. ते पाच वाजता बंद होतं. सव्वाचारला मी पार्किंगमध्ये होते.

पाऊण तास मी गाडीत बसले. त्या पाऊण तासात काय विचार केला असं लोक विचारतील तर मला धड सांगता येणार नाही. धुलाईच्या दुकानातली माणसं दिसत होती हे खरं. माझं नाव, माझी चाळीस वर्षं, हीसुद्धा मनात होती, हेही खरं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. आणि डेल्फिनाने नाही म्हटलं होतं. यातलं नेमकं कशाने मला धरून ठेवलं, देव जाणे. पाच वाजता एका बाईने आतून काचेच्या दाराला कडी लावली. मी गाडी वळवली.

घरी आल्यावर डेल्फिनाने माझी गोळी काढायला पर्स उघडली. तिच्या हाताला नळी लागली. तिने चिकटपट्टीवरचं आपलं नाव वाचलं. बेसिनपाशी जाऊन नळी ओतली, विसळली, उपडी ठेवली.

"मला भीती होती, की तुम्ही दिली असेल," ती पाठमोरीच म्हणाली. नळाचं पाणी बंद केलं. "आणि थोडी भीती होती, की नसेल दिली."

तिने मला गोळी दिली, पाणी दिलं. त्या दिवशी आम्ही जेवलो नाही.

मार्चमध्ये राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, सुनावणी झाली. अध्यक्षपदी मेरेडिथ होल्ट होती, एके काळची माझी विद्यार्थिनी. तिने सगळं वाचलं होतं, खुणा करकरून. सुरुवातीलाच म्हणाली, "कुंदा, एक गोष्ट विचारावीच लागेल. यातली एक रोगी तुमच्या घरी काम करते. म्हणून आम्ही गेल्या दोन वर्षांत तुम्ही पाठवलेल्या सगळ्या नमुन्यांतून चिठ्ठ्या टाकून चाळीस निवडले, त्या लोकांची परवानगी घेऊन ओळख पडताळली. चाळीसही बरोबर आहेत. याबद्दल क्षमस्व, पण हे करणं भाग होतं."

त्या चाळिसांची यादी तिने माझ्याकडे सरकवली. मी ती वरपासून खालपर्यंत पाहिली. डेल्फिना रेयेस हे नाव त्यात नव्हतं.

सुनावणी दोन तास चालली. मी काय बोलले ते नोंदीत आहे, मला त्यातलं फारसं आठवत नाही.

एप्रिलमध्ये निर्णय आला. त्रेचाळीस जागा वगळायच्या. ज्यांना आधी नाकारलं त्या सगळ्यांचा नव्याने हिशोब करायचा. पत्रं निघाली. डेल्फिनाचं पत्र तिच्या घरी आलं, ते तिने आईसमोर उघडलं. मी तिथे होते. त्यात लिहिलं होतं: काया-वय एकसष्ट, वयाच्या अटीनुसार पात्र. खाली दुसरा परिच्छेद: डायलिसिसचा कालावधी लक्षात घेता उपचार मुदतीत पूर्ण होणं शक्य नाही, सबब अपात्र.

डोन्या कुकाने विचारलं, "काय म्हणतात?"

"म्हणतात, मी परत तुझ्यापेक्षा पुष्कळ लहान झाले, आई," डेल्फिना म्हणाली आणि पत्राची घडी घातली. दुसरा परिच्छेद तिने वाचून दाखवला नाही. आईनेही पुढे काही विचारलं नाही.

ती दहा वर्षं जगली नाही. जुलैमध्ये डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात गेले. चार दिवस ती इस्पितळात होती. तिसऱ्या दिवशी जरा शुद्ध आली तेव्हा तिने यारेलीला आजीच्या कागदपत्रांची जागा सांगितली. मग मला जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"तुमची निळी गोळी आता जेवणाआधी," ती म्हणाली. "त्यांनी बदललंय. नवीन बाईला सांगा."

ती अठ्ठावन्न वर्षांची होती. चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. धुलाईच्या दुकानातले, बाजारातले, सगळे आले होते. यारेली माझ्यासमोरून दोनदा गेली आणि दोन्ही वेळा तिने मान वळवली.

त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. मी फोन केले, पत्र लिहिलं. मग पुढच्या जुलैमध्ये डोन्या कुकाचा निरोप आला. वर्षाची प्रार्थना आहे, नंतर घरी जेवण आहे, यावं.

प्रार्थनेनंतर मी त्यांच्या अंगणात एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. यारेली पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि मला तो देऊन तिथेच उभी राहिली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "परवा समितीचं पत्र आलं. आपल्या चारशे बारांपैकी एकोणतीस जणांना उपचार मिळाला. डोन्या एर्लिंडालाही."

"माहीत आहे. ती येऊन माझ्या गळ्यात पडून रडली." यारेली समोरच्या खुर्चीवर बसली. "मला एकोणतीस नको होते, डॉक्टोरा. मला एकच हवी होती."

"मलाही."

"तुम्हाला जमण्यासारखं होतं."

मी ठरवलं नव्हतं, पण सांगायला लागले. नळी भरल्याचं, पार्किंगमधल्या पाऊण तासाचं, काचेच्या दाराच्या कडीचं. मग चाळिसांच्या यादीचं. ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, डेल्फिनालाही नाही. "तिची चिठ्ठी निघालीच नव्हती," मी म्हटलं. "मी नळी दिली असती, तर कुणाला कळलं नसतं. चारशे बाराही राहिले असते आणि तीही."

यारेलीने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. आईसारखीच रुंद मनगटं. घरातून भांड्यांचे आवाज येत होते.

"हे मला का सांगितलंत?"

"तुला ठाऊक असायला हवं म्हणून."

"आई असती तर म्हणाली असती, मुलीला सांगू नका."

"हो. तसंच म्हणाली असती."

"आणि आजही तशी वेळ आली, तर?"

या प्रश्नाचं उत्तर मी वर्षभर शोधत होते. रोज वेगळं सापडायचं. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "त्या दिवशी मला बरोबर वाटलं होतं. यादी पाहिली त्या दिवसापासून वाटत नाही."

ती उठली. मला वाटलं, आत जाईल आणि दार लावून घेईल. ती अंगणाच्या टोकापर्यंत गेली, कुंपणाला धरून पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी तिच्याकडे जायला उठले आणि पुन्हा बसले. तेवढा हक्क माझा उरला नव्हता.

आतून डोन्या कुकाने हाक मारली. आधी नातीला, मग मला. दोघींना एकाच दमात, जेवायला.

यारेलीने ओढणीसारख्या काळ्या रुमालाने तोंड पुसलं आणि परत आली. "मी तुम्हाला माफ करेन की नाही, मला माहीत नाही," ती म्हणाली.

"बरं."

"पण आजी थांबलीय. चला."

मी आत गेले. टेबलाभोवती दहा-बारा माणसं होती. डोन्या कुकाने आपल्या शेजारची खुर्ची मला दाखवली. यारेली सगळ्यात दूरच्या टोकाला जाऊन बसली, माझ्याकडे एकदाही न बघता. थोड्या वेळाने तिने भाकरीची टोपली शेजारच्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "पुढे द्या. त्यांच्यापर्यंत जाऊ दे."